घुग्घुसमध्ये जमिनीत गेलेलं घर: एका कोळसा गावाची पूर्ण केस

२६ ऑगस्ट २०२२, शुक्रवार. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसमध्ये, आमराई वॉर्डात, एका कुटुंबाला घर हलल्यासारखं वाटलं, सगळे बाहेर पळाले आणि काही मिनिटांत ते अख्खं घर जमिनीत गेलं. भिंत पडली किंवा छप्पर कोसळलं असं नाही, घर उभं होतं त्या जागी साठ-सत्तर फूट खोल खड्डा झाला. जीव कुणाचा गेला नाही तो फक्त वेळेवर बाहेर पडल्यामुळे. मग आजूबाजूची घरं रिकामी केली, शंभराच्या वर कुटुंबं दुसरीकडे हलवली, तीन-चार दिवस तो व्हिडिओ सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर फिरला आणि विषय मागे पडला.

बाहेरच्यांसाठी मागे पडला, तिथे राहणाऱ्यांसाठी नाही. कारण तो खड्डा एका दिवसाचा नव्हताच, त्याच्यामागे कितीतरी वर्षांचं कोळशाचं खोदकाम आहे, त्या खोदकामाचे नकाशे आहेत आणि ते नकाशे वर राहणाऱ्या माणसांच्या हातात कधीच आले नाहीत. माझ्या मते या केसमधली मुख्य गोष्ट हीच आहे आणि बाकी सगळं मी तिच्याभोवतीच सांगणार आहे.

आधी गाव समजून घ्या. घुग्घुस चंद्रपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, वर्धा नदीच्या काठाला. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्ह्याचा वणी तालुका सुरू, आणि तिकडेही मुंगोली, निलजई अशा खदानीच खदानी. वर्धा खोऱ्यात कोळसा आहे हे इंग्रजांना १८७० च्या आसपासच कळलं होतं, वरोऱ्याची खाण तेव्हाच सुरू झाली आणि वर्धा ते वरोरा रेल्वे लाईन मुळात त्या कोळशासाठीच टाकली गेली. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली, पुढे जोर बल्लारपूर, चंद्रपूर, राजुरा, घुग्घुस, वणी या पट्ट्यात आला. १९७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये कोल इंडिया आली आणि तिच्याखाली नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपल्या पेपरातली 'वेकोलि'. घुग्घुसला कोळशाच्या जोडीला एसीसीचा सिमेंट कारखाना, लॉईड्स मेटल्सचा स्पंज आयर्न प्लांट, कोळसा धुऊन साफ करणारी कोल वॉशरी, रेल्वे सायडिंग असं सगळं आहे. तीस हजारांच्या वर वस्ती असूनही कित्येक वर्षं इथे ग्रामपंचायतच होती, नगरपरिषद आत्ता आत्ता, २०२०-२१ च्या सुमारास झाली. म्हणजे बघा, बांधकामाचं धड नियोजन करणारी यंत्रणा यायच्या आधीच गाव शहर होऊन बसलं होतं, आणि तेही खालून पोखरलेल्या जमिनीवर.

आता खाली काय असतं ते जरा नीट सांगतो, कारण बातम्यांमध्ये 'भूस्खलन' असा शब्द वापरून मोकळे झाले आणि त्यातून काहीच कळत नाही.

वर्धा खोऱ्यातला कोळशाचा थर जाड आहे, बऱ्याच ठिकाणी १५ ते २० मीटर. जुन्या भूमिगत खाणी या थरात बोर्ड अँड पिलर पद्धतीने चालायच्या, म्हणजे कोळशात आडवे-उभे बोगदे काढायचे, त्यांना गॅलरी म्हणतात, आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे, ते पिलर. वरचं छत या पिलरवर उभं. नियमाप्रमाणे गॅलरी ४.८ मीटरपेक्षा रुंद नको आणि ३ मीटरपेक्षा उंच नको. हा पहिला टप्पा. दुसऱ्या टप्प्यात, खाण संपत आली की, मागे सरकत सरकत ते पिलर पण काढायचे, त्याला डीपिलरिंग म्हणतात, आणि मग छत एकतर मुद्दाम पडू द्यायचं किंवा पोकळीत पाण्याबरोबर नदीची वाळू सोडून ती भरायची, ते सँड स्टोइंग. वाळू भरली तर वरची जमीन थोडी खचते पण टिकते. खर्च मात्र वाढतो, पाईपलाईन लागते, वाळू लागते, वेळ लागतो.

तिसरी शक्यता सगळ्यात फसवी. पिलर तसेच उभे ठेवून, काही न भरता खाण सोडून द्यायची. त्या दिवशी सगळं ठीक दिसतं, वर घर बांधलं तरी काही होत नाही, दहा वर्षं होत नाही, वीस वर्षं होत नाही. पण खाली पिलर झिजत असतात. बंद खाणीत पाणी भरतं, पाण्याची पातळी वर-खाली होते, कोळशाच्या कडा सुटून पडतात, गॅलरीचं छत थोडं थोडं ढासळतं आणि पोकळी हळूहळू वर सरकायला लागते.

खड्डा खणून निघालेली माती परत त्याच खड्ड्यात मावत नाही हे कुणालाही माहीत आहे, फुटलेला दगड जास्त जागा घेतो. याच कारणाने खोल खाणीत छत ढासळलं तरी पडलेला ढिगारा फुगून पोकळी भरून टाकतो आणि प्रकार तिथेच थांबतो. तीन मीटरच्या गॅलरीची पोकळी वर किती चढेल याला त्यामुळे एक मर्यादा असते. वरचा थर जाड आणि घट्ट असेल तर जमिनीवर पत्ताही लागत नाही. पण खाण उथळ असेल, वर कच्चा वालुकाश्म आणि नदीची माती असेल, तर पोकळी भरायच्या आधीच वर पोचते आणि शेवटचे काही मीटर एकदम जातात. तोंड लहान, खोली जास्त, विहिरीसारखं. याला पॉट-होल सबसिडन्स म्हणतात आणि आमराई वॉर्डातला खड्डा दिसायला नेमका याच जातीचा.

साठ-सत्तर फूट म्हणजे साधारण वीस मीटर. एवढा खोल खड्डा उघडा राहतो याचा अर्थ पडलेली माती नुसती खाली बसली नाही, ती खाली बाजूच्या गॅलऱ्यांमध्ये पसरली, म्हणजे तिथे पसरायला मोकळी जागा होती. पाणी असेल तर चिखल होऊन आणखी लांब जाते. आणि २०२२ चा पावसाळा आठवा, जुलै-ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात पुराने काय हाल केले होते, वर्धा नदी आणि इरई दोन्ही भरून वाहत होत्या. मातीत पाणी मुरलं, वजन वाढलं, चिकटपणा गेला. पावसाने निमित्त दिलं, पोकळी आधीपासून होती. पावसाला दोष देऊन हात झटकता येणार नाहीत.

लोकांना आधी कळलं कसं नाही, हा प्रश्न बाहेरून विचारणं सोपं आहे. या पट्ट्यातल्या कुठल्याही वस्तीत जा, घरांना भेगा आहेतच. ओपनकास्टमध्ये, म्हणजे वरून उघड्या खोदलेल्या खदानीत, ब्लास्टिंग होतं, खिडक्या थरथरतात, मांडणीवरची भांडी वाजतात, भिंतीला चीर जाते. डीजीएमएस, म्हणजे खाण सुरक्षेचं केंद्रीय खातं, त्यांनी १९९७ मध्ये ब्लास्टिंगच्या कंपनाला मर्यादा घातली, साध्या घरांसाठी कमी फ्रिक्वेन्सीला सेकंदाला ५ मिलिमीटर. पण ती मोजणी कुठल्या घरापाशी झाली, कधी झाली, आकडा काय आला हे घरमालकाला कोण सांगतं? तक्रार केली की 'घर कच्चं आहे' हे उत्तर ठरलेलं. वर्षानुवर्षं असं ऐकून माणूस भेगेकडे बघणंच सोडतो, सिमेंट भरतो, चुना मारतो आणि पुढे जातो. म्हणजे एका खाणीच्या त्रासाची इतकी सवय झाली की दुसऱ्या खाणीचा इशारा त्या आवाजात हरवून गेला, हे मला या केसमधलं सगळ्यात वाईट वाटतं.

दोन्ही भेगांमध्ये फरक असतो आणि तो प्रत्येक घरात माहीत असायला हवा. ब्लास्टिंगची भेग बहुतेक खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघते, बारीक असते. जमीन खचत असेल तर भेग रुंद होत जाते, फरशीतून आणि अंगणातून पण जाते, अंगणात ती वाकडी, कमानीसारखी दिसते, दरवाजा अचानक चौकटीत अडकायला लागतो, बोअरचं पाणी एकाएकी उतरतं किंवा गढूळ येतं. भेगेवर काचेची पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवून तारीख लिहून ठेवायची, भेग हलली की काच तडकते. काही रुपयांचं काम आहे, पण वस्तीत कुणी शिकवलेलं नाही.

जमिनीवर कोण राहतं हा दुसरा भाग, आणि तो खाणीच्या भागापेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे. या भागात मूळचे गोंड, कोलाम, कुणबी शेतकरी, कापूस-ज्वारी-तूर घेणारे. कोळसा आल्यावर तेलंगणातून लोक आले, छत्तीसगड, उत्तर प्रदेश, बिहारमधून आले, खाणीत टोपली उचलण्यापासून सुरुवात केली. घुग्घुसच्या बाजारात आजही मराठी, तेलुगू, हिंदी एकाच वाक्यात ऐकू येते. पहिली पिढी खाली उतरली, दुसरी कॉलनीत वाढली, तिसरीला नोकरी नाही. कोल इंडियात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सहा लाखांच्या वर कामगार होते, २०२२ पर्यंत ते अडीच लाखांच्या आसपास आले, आणि कोळसा मात्र कितीतरी पटीने वाढला. कारण सरळ आहे, भूमिगत खाणी बंद होत गेल्या आणि ओपनकास्ट वाढल्या, तिथे माणसं कमी आणि शॉवेल-डंपर जास्त, त्यातही माती काढायचं बरंचसं काम कंत्राटी कंपन्यांकडे. कायम कामगाराचा पगार आणि कंत्राटी हायवा ड्रायव्हरचा पगार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दोघं त्याच धुळीत काम करतात.

रिटायर झालेला कामगार गावी परत जात नाही, गाव सुटलेलं असतं, मुलं इथली झालेली असतात. क्वार्टर सोडावं लागतं म्हणून तो जवळच कुठेतरी जागा बघून घर बांधतो, स्वस्त जागा म्हणजे बहुतेक जुन्या खदानीच्या आसपासची, पट्टा नसलेली. जुन्या खाणींवर वस्ती अशी तयार होते. कुणी मुद्दाम धोका पत्करत नाही, प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे एवढेच असतात आणि त्यात हीच जागा बसते. आणि पुढे काही झालं की पहिला प्रश्न येतो की जागा तुमच्या नावावर आहे का.

शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर कायदाच वेगळा आहे. कोळशासाठी जमीन घेताना १९५७ चा कोल बेअरिंग एरियाज कायदा लागतो. कलम ४ ची अधिसूचना निघते, आधी शोध, मग कलम ७, मग कलम ९ ची घोषणा झाली की जमीन सरकारची आणि पुढे कंपनीची. ग्रामसभेची संमती, सामाजिक परिणामांचा अभ्यास, हे २०१३ च्या भूसंपादन कायद्यातले टप्पे इथे लागू नाहीत, मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी तेवढ्या २०१५ पासून लागू झाल्या. आणि याच १९५७ च्या कायद्यात एक सोय अशी आहे की वरची जमीन न घेता फक्त खालच्या खनिजाचा हक्क घेता येतो. भूमिगत खाणीसाठी ते कंपनीच्या सोयीचं. म्हणजे सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, खालचा कोळसा कंपनीचा, आणि कोळसा गेल्यावर उरलेली पोकळी कुणाच्याच नावावर नाही.

ओपनकास्टमध्ये निदान खड्डा डोळ्यांना दिसतो. एक टन कोळशासाठी चार-पाच घनमीटर माती-दगड बाजूला काढावा लागतो, कुठे त्याहून जास्त, आणि त्याचे डोंगर उभे राहतात, इथे सगळे त्याला ओबी म्हणतात. चंद्रपूरला इरई नदीच्या काठाने असे ओबीचे डोंगर आहेत, नदीचं पात्र आवळलं जातं आणि पूर आला की पाणी शहरात शिरतं. काळी कसदार माती, जी दोन-तीन फूटच असते, ती सगळ्यात आधी निघते, म्हणून वेगळी साठवली नाही तर ढिगाऱ्यात सगळ्यात खाली गाडली जाते आणि वर येतो खालचा मुरूम, वालुकाश्म, शेल. त्याच्यावर विलायती बाभळीशिवाय फारसं काही उगवत नाही. दुर्गापूरच्या खदानीजवळ या बाभळीच्या जाळीत बिबटे आणि वाघ राहायला आलेत, तिकडे ताडोबा जवळच, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत तिथे माणसं मारली गेली. कोळसा काढून जंगल तोडलं आणि उरलेल्या ढिगाऱ्यावर नवं काटेरी रान तयार झालं, तेही थेट लोकांच्या अंगणाला लागून.

शेतात फिरलात तर कापसाच्या बोंडाकडे बघा. वाहतुकीच्या रस्त्याला लागून असलेल्या वावरात फुटलेल्या बोंडावर काळपट थर बसलेला असतो, बोटाने पुसला तर निघत नाही, रुईत शिरतो. असा माल व्यापारी बाजूला काढतो, भाव पाडतो. झाडाच्या पानावर धूळ बसली की वाढ पण मंदावते. पंचनामा करायला लावला तर विचारतात की नुकसान किती टक्के, आता काळा पडलेला कापूस किती टक्के काळा आहे हे कसं सांगायचं. विहिरींचं तसंच. खदानीतून पाणी सतत पंपाने उपसतात, भोवतालच्या विहिरींचं पाणी त्या दिशेने उतरत जातं, पावसाळ्यात भरलेली विहीर हिवाळ्यातच तळ दाखवते. २०१२ नंतर वेकोलिने जमिनीचे दर एकरी ६ ते १० लाख केले आणि दोन एकरांमागे एक नोकरी दिली जाते, त्यामुळे बाजूचं शेत गेलेला माणूस एका अर्थाने सुटला आणि ज्याचं शेत हद्दीच्या बाहेर फक्त एका धुऱ्यावर राहिलं तो अडकला. त्याला मोबदला नाही, नोकरी नाही, पण धूळ, ब्लास्टिंग आणि कोरडी विहीर पूर्ण आहे.

प्रदूषणाचं वेगळं लिहीत बसत नाही, एकच आकडा. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या प्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुण घेऊन देशात चौथं होतं, अंकलेश्वर, वापी, गाझियाबादच्या खालोखाल.

आता परत आमराई वॉर्डात येऊ. उपाय नाहीत असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. जुन्या गॅलऱ्या बाहेरून, बोअर पाडून, त्यातून पाण्यासोबत वाळू किंवा राख सोडून भरता येतात, पश्चिम बंगालच्या राणीगंजमध्ये अशी ब्लाइंड बॅकफिलिंगची कामं झालेली आहेत. भरायला माल पण आहे. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं, तिथल्या राखेचं काय करायचं हाच प्रश्न कायम असतो आणि केंद्राच्या फ्लाय अॅशच्या नियमांत खाणीच्या पोकळीत राख भरायला परवानगी आहे, भूजलाची काळजी घेऊन. ओबीतून वाळू वेगळी काढायचं काम वेकोलिनेच नागपूरजवळ गोंडेगावला करून दाखवलंय. म्हणजे तंत्र आहे, माल आहे, अडतंय ते पैशावर आणि जबाबदारीवर.

आणि पैशाचं गणित असं आहे. खाण बंद करताना जमीन नीट करायचा खर्च आधीच बाजूला ठेवायचा, एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामाशिवाय पैसे काढता येत नाहीत अशा खात्यात, हा कोळसा मंत्रालयाचा नियम २००९ चा, तेव्हाचा दर ओपनकास्टला हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीला हेक्टरी १ लाख. त्याआधी सोडून दिलेल्या खाणींसाठी तेव्हा असं खातंच नव्हतं. झरिया आणि राणीगंजसाठी निदान २००९ मध्ये केंद्राने मास्टर प्लॅन मंजूर केला, आग आणि खचण्याच्या भागातल्या लोकांना हलवायचा. तो प्लॅनही कूर्मगतीने चालला हे खरं, पण वर्धा खोरं तर त्यात नाहीच. आपल्याकडे प्रत्येक खड्डा सुटी घटना म्हणून हाताळला जातो, खड्डा पडला की भरायचा, घर गेलं की मदत द्यायची, पुढच्या खड्ड्याची वाट बघायची.

नकाशाचा मुद्दा मी सुरुवातीला म्हटला तो इथे येतो. खाण बंद करताना कुठे किती खोदलं, किती पिलर ठेवले, कुठे भरलं, हे सगळं दाखवणारा शेवटचा नकाशा डीजीएमएसकडे द्यावाच लागतो, नियम फार जुना आहे. जुने नकाशे चुकले तर काय होतं हे देशाने १९७५ मध्ये चासनालाला बघितलंय, जुन्या पाणी भरलेल्या खोदकामाचं पाणी फुटून आत आलं आणि साडेतीनशेच्या वर कामगार बुडाले. तेव्हापासून खाणीच्या आत काम करणाऱ्यांसाठी जुन्या नकाशांची तपासणी हा गंभीर विषय झाला. वर राहणाऱ्यांसाठी मात्र तो अजून झालेला नाही. नगरपरिषद घराची परवानगी देताना, शाळा-अंगणवाडीची जागा ठरवताना, पाण्याची टाकी बांधताना हा नकाशा समोर ठेवत नाही. विकास आराखड्यावर पूररेषा आखतात, तशी खाणरेषा पण आखायला काय हरकत आहे? सातबाऱ्याच्या इतर हक्कात विहिरीची, बोजाची नोंद असते, खाली जुनी खाण आहे ही पण नोंद व्हायला हवी, जमीन विकत घेणाऱ्याला आधी कळायला हवी.

हलवलेल्या कुटुंबांबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. त्यांचा पट्टा होता की नाही हा प्रश्न भरपाईच्या आड येऊ नये. जमीन खालून पोकळ केली कुणी याची नोंद कंपनीकडे आहे, खात्याकडे आहे, त्यात राहणाऱ्याचा काडीचाही हात नाही. ज्याने तीस वर्षं खाली उतरून कोळसा काढला त्यालाच म्हातारपणी 'अतिक्रमणधारक' म्हणून कागद द्यायचा, हे मला कुठल्याच बाजूने बरोबर वाटत नाही.

घुग्घुस, राजुरा, बल्लारपूर, वणी, चंद्रपूरचं लालपेठ अशा भागात कुणी राहत असाल तर माहिती अधिकारात वेकोलिच्या तुमच्या एरिया ऑफिसला अर्ज टाका. मोघम मागू नका. तुमचा सर्व्हे नंबर किंवा वॉर्ड लिहून मागा: खाली कुठली खाण होती, ती कधी बंद झाली, जमिनीपासून किती मीटर खाली आहे, डीपिलरिंग झालं का, झालं असेल तर वाळू भरली की छत पाडलं, आणि शेवटच्या नकाशाची प्रत. तीस दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील आहेत, नाही दिलं किंवा अर्धवट दिलं तर पहिलं अपील करा. उत्तर आलं की एक प्रत नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना आणि एक जिल्हाधिकाऱ्यांच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला पोच घेऊन द्या, आणि हे सगळं जूनच्या आधी करा, पावसाळ्यात नको.